रुद्रय्याच्या दोन बायका आणि एक ओढा

दानम्माला सवत होती, आणि ती मेलेली होती. जित्या सवतीशी बाई भांडू शकते, तिचं लुगडं दाराबाहेर फेकू शकते, आडावर चारजणींत तिचा उद्धार करू शकते. मेलेलीशी काय करणार, कपाळ? ती कधी चुकत नाही, कधी म्हातारी होत नाही, तिची भाकरी कधी करपत नाही. त्यात दानम्माची सवत नुसती मेली असती तरी एक वेळ चाललं असतं. तिच्या नावाचा ओढा होता.

हुलगेवाडी कागलच्या खालच्या अंगाला, कानडी मुलखाकडं तोंड करून बसलेली. माळावरनं उतरणारा ओढा गावाला वळसा घालून पुढं वेदगंगेला मिळतो. त्याला सारा गाव रत्नव्वाचा ओढा म्हणायचा. रत्नव्वा म्हणजे रुद्रय्याची पहिली बायको. प्लेगाच्या आधल्या साली, श्रावणात, वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन ओढा उतरत होती. वरनं लोंढा आला आणि भाऱ्यासकट घेऊन गेला. माती द्यायलासुद्धा काही हाताला लागलं नाही. पुढं रुद्रय्यानं निपाणीकडची दानम्मा केली. दुसरेपणाची बाई म्हणून तिच्या गळ्यात लग्नातच सवतीचा टाक पडला. चिंचोक्याएवढा चांदीचा पत्रा, वर कोरलेली बाई. तो घातला म्हणजे पहिलीचा जीव थंड राहतो म्हणतात. पहिलीचा राहत असेल. दुसरीच्या जिवाचं काय होतं, ते कुणी विचारत नाही.

टाकाचं दानम्माला एवढं काही नव्हतं. तो चोळीत दडवता यायचा. ओढा कुठं दडवणार? सकाळी उठलं की सुरू. "रत्नव्वावर चाललीस व्हय धुणं घेऊन?" "रत्नव्वाला पाणी किती हाय गं?" "आमची म्हस रत्नव्वात बसलीया, उठंना." म्हशीसुद्धा तिच्यात जाऊन बसायच्या. नव्या नवऱ्या गावात आल्या की पहिली ओटी ओढ्याच्या काठावर रत्नव्वाच्या नावानं भरायच्या, आणि खण-नारळाचं ताट धरायला बायका नेमकी दानम्माला पुढं करायच्या. आपल्या हातानं आपल्या सवतीची ओटी. घरी येऊन ती चुलीत एवढं जळण सारायची की भाकरीचा कोळसा व्हायचा.

शेजारीण बयाबाई. मनानं वाईट नव्हती, पण जिभेला हाड नव्हतं. उन्हाळ्यात कुंपणावरनं मान काढून म्हणायची, "दानम्मा, तुझी सवत यंदा आटली न्हाय बघ. काय चिवट बाई म्हणावी." आणि स्वतःच्याच बोलण्यावर पोट धरून हसायची. दानम्माच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण उलटं काय बोलणार? आट बाई, असं ओढ्याला म्हणावं, तर गुरं मरायची.

आणि रुद्रय्या? उंचापुरा, अबोल माणूस. मारणं नाही, शिवी नाही, पुढ्यात येईल ते खाणार आणि औताला जाणार. त्याचं अर्धं रान ओढ्यापलीकडं होतं, पण तो पठ्ठ्या ओढा कधी उतरायचा नाही. माळाच्या अंगानं मोठा वळसा घालून जायचा. दानम्मा डोक्यावर न्याहारीची पाटी घेऊन पाण्यातनं सरळ जायची, आणि त्याच्या आधी बांधावर पोचून त्याची वाट बघत बसायची. पहिल्या बायकोच्या पाण्यात पाय घालवत नाही म्हणे माणसाला. केवढी ती पूज्य. आमचे पाय काय, धुणंभांडंच करायचे. असं तिच्या मनात रोज यायचं, आणि रोज नव्यानं झोंबायचं.

कोल्हापूरचे महाराज गादीवर येऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. पाटापाण्याच्या नव्या कामांचं बोलणं ऐकू यायला लागलं होतं, आणि त्यासाठी मुलूख नव्यानं मोजायचा निघाला होता. मोजणीवाले माळावर तिपाई ठोकायचे, वर फळी मांडायचे, टेकडीवर निशाण लावायचे, आणि दिसेल ते कागदावर उतरवायचे. टेकडी दिसली, तिचं नाव काय? खिंड दिसली, तिचं नाव काय? ओढा, नाला, डोह, झरा, साऱ्याला नाव पाहिजे. आता कोल्हापूरहून आलेल्या माणसाला कुठनं ठाऊक असणार? म्हणून गावच्या पाटलानं एक जाणता माणूस बरोबर द्यायचा, अशी रीत. सयाजी पाटलानं दिला होता. तो जाणता माणूस दुपारच्या भाकरीनंतर आंब्याखाली आडवा झाला होता आणि घोरत होता.

ओढ्यात दानम्मा एकटीच धुणं धूत होती. काठावरनं मोजणीवाल्यानं विचारलं, "बाई, या ओढ्याचं नाव काय?"

तिनं ठरवून काही केलं नाही, हे आधी सांगतो, नाहीतर तुम्ही तिला लबाड म्हणाल. हातात पिळलेलं धोतर होतं, ते तसंच राहिलं. इतक्या वर्षांत तिला ओढ्याचं नाव विचारणारा हा पहिला माणूस. ज्याला रत्नव्वा कोण ते माहीत नव्हतं, असाही हा पहिलाच. "दानम्माचा," ती म्हणाली.

"दानम्माचा ओढा," असं म्हणत त्यानं पेन्सिलीनं लिहून घेतलं आणि तिपाई उचलून चालता झाला. दानम्मानं उरलेलं धुणं असं आपटलं, की पलीकडच्या काठाला ऐकू गेलं असेल. त्या दिवशी ती गुणगुणत घरी आली. रुद्रय्यानं चमकून बघितलं.

पुढं बऱ्याच दिवसांनी नकाशा छापून आला. चावडीत कागद पसरला, शाळेचे मास्तर एकेक नाव वाचायला लागले, लोक माना डोलवायला लागले. म्हसोबाचा माळ, बरोबर. कोल्ह्याची खिंड, बरोबर. दानम्माचा ओढा.

चावडी अशी हसली की बाहेरचं कुत्रं उठून गेलं. बयाबाईला ही बातमी म्हणजे दिवाळी. "अगं बया, लोकास्नी मरावं लागतंय नावासाठी. तू जित्तेपणीच वडा मिळिवलास की."

दानम्मानं नाक वर करून पाणी भरलं. हसू देत. छापून आलंय, सरकारी कागद आहे, तुमच्या हसण्यानं काय पुसतोय? तिला वाट बघायची होती ती एकाच माणसाची. रुद्रय्या आता तरी काही बोलेल. रागवेल, ओरडेल, रत्नव्वाचं नाव कशाला पुसलंस म्हणून विचारेल, म्हणजे आत काय आहे ते तरी कळेल. रुद्रय्या जेवला, हात धुतले, बैलांना पाणी दाखवायला गेला. परतला तेव्हा एवढंच म्हणाला, "मीठ जरा कमी पडलंय." दानम्माला वाटलं, मिठाचं मडकंच याच्या डोक्यात घालावं.

पाटलाला मात्र हे जिव्हारी लागलं. गावचा ओढा चुकतो आणि तोही आपला माणूस झोपला म्हणून, ही नामुष्कीच. त्यानं कोल्हापूरला लिहून कळवलं, आमच्या ओढ्याचं नाव चुकलंय, दुरुस्त व्हावं. आणि मार्गशीर्षात कुतुबुद्दीन मुनशी तट्टावर बसून हुलगेवाडीत आले.

मुनशींचं काम एवढंच. चुकलेली नावं पडताळायची आणि खरी कायम करायची. छत्री, पानाचा डबा, दोन रंगांची शाई आणि कमालीचा संशयी स्वभाव, एवढा त्यांचा संसार बरोबर. कामाची त्यांची स्वतःची पद्धत होती. पहिल्यांदा चावडीत जायचंच नाही. चावडीत सगळे पाटलाच्या तोंडाकडं बघून बोलतात. आधी त्या जागेवर जायचं, तिथं जो राबत असेल त्याला विचारायचं, आणि मग चावडीत जाऊन ते वाचून दाखवायचं. म्हणून ते सरळ ओढ्यावर आले. काठाला लागून रुद्रय्याचा शाळू कमरेच्या वर आला होता आणि दानम्मा त्यात तण भांगलत होती. रुद्रय्या कागलच्या बाजाराला गेला होता.

"बाई, दानम्माचा ओढा तो हाच का?"

तिची खुरपी थांबली. "व्हय. ह्योच की."

मुनशी बांधावर टेकले, पान लावायला लागले. बोलका माणूस. म्हणाले, "नावांचा लई घोळ असतो, बाई. तिकडं आजऱ्याकडं एका टेकडीला तीन भावांनी आपापलं नाव सांगितलं. एकाचं लावलं की दोघं कुऱ्हाडी घेऊन उठणार. तवापासनं आमचा नियमच आहे. जित्या माणसाचं नाव ओढ्याला नाही, टेकडीला नाही. मेलेल्याचं असलं आणि लोकांच्या तोंडात असलं, तर कायम. मेलेला माणूस भांडायला येत नाही." त्यांनी पान गालात सारलं. "तर ही दानम्मा कोण? आहे का गेली?"

दानम्माच्या ओठावर आलं होतं, मीच की ती. ते तिनं गिळलं. जिती म्हटलं, की नाव गेलं. आता हा माणूस लाल शाईनं तिला खोडणार आणि परत ती पहिली येऊन बसणार, ह्या खेपेला सरकारी शिक्क्यानिशी, जन्माची. बयाबाई कुंपणावरनं काय काय म्हणेल, तेही तिला सगळं ऐकू आलं. आयुष्यभर जी गोष्ट आपल्याला मिळाली नाही ती त्या बाईला का मिळाली, तर ती मेली म्हणून. एवढंच ना?

"मेली ती," दानम्मा म्हणाली.

"अरेरे. कशानं?"

"ह्या वड्यातच. पाण्यानं नेली."

"कुणाची कोण?"

"रुद्रय्याची बायको."

मुनशींनी लिहून घेतलं, हळहळले, आणि तट्टू धरून चावडीकडं गेले. दानम्मा परत भांगलायला लागली. सवतीचं मरणसुद्धा आपण घेतलं, हे तिच्या ध्यानात आलं. बरं झालं, असं ती स्वतःशी म्हणाली, पण खुरपी तणावर पडायच्या ऐवजी दोनदा शाळूवर पडली.

चावडीत काय झालं ते बयाबाईनं तिला मागाहून सांगितलं. मुनशी खांबाला टेकून बसले, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "रुद्रय्याची बायको दानम्मा. ओढ्याच्या पाण्यानं वाहून गेली. बरोबर का, मंडळी?" लोक एकमेकांकडं बघायला लागले. आत्ता हसू फुटणार, एवढ्यात दाराशी काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बाजारातनं परतलेला रुद्रय्या उंबऱ्यात उभा होता. त्याच्या खांद्यावरचं पोतं खाली पडलं होतं. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. कुणी सांगायच्या आत तो वळला आणि पळत सुटला. ओढ्याला गुडघाभर पाणी, त्यात कोंबडीसुद्धा वाहून जाणार नाही. पण हे ज्याला कळायला पाहिजे, त्याला कळायची वेळ गेली होती.

"दानम्माऽऽ"

शाळवात दानम्मा ताठ झाली. हाक वरच्या अंगानं आली होती. आवाज ओळखीचा वाटला आणि ओळखीचा वाटेनाही. कारण ह्या माणसाच्या तोंडून आपलं नाव तिनं लग्नापासून एकदाही ऐकलं नव्हतं. अगं, ऐकलं का, एवढ्यावर संसार चालला होता. आणि आता तोच माणूस, डोक्याला पटका नाही, पायात वहाण नाही, काठाकाठानं पळत होता आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं तिचं नाव घेत होता.

"दानम्माऽऽ"

काय झालंय ते तिला उमगलं. ओ द्यायची की नाही? दिली नाही बाईनं. ती हळूच खाली बसली, शाळवाच्या ताटांआड. लाज वाटायला पाहिजे होती, पण वाटला तो आनंद. ऐकू दे, बयाबाईला ऐकू दे, पाटलाला ऐकू दे, त्या पाण्यातलीलासुद्धा ऐकू दे. आणखी हाका मारा, असं ती मनात म्हणत होती. एवढ्या वर्षांची बाकी आहे.

रुद्रय्या पाण्यात उतरला. जो माणूस वळसा घालून जायचा, तो कपड्यांनिशी ओढ्यात उतरला आणि काठावरच्या करंजाच्या मुळ्यांखाली हात घालून चाचपायला लागला. गुडघ्यावर बसला. चिखल वर काढला, बघितला, टाकून दिला. पुढच्या करंजाकडं गेला. "दानम्मा," त्यानं परत हाक मारली. "दानम्मा. रत्ना. अगं रत्नव्वा."

झालं. दानम्माच्या मस्तकात तिडीक गेली. एवढी एक हाक माझी, तीसुद्धा सगळी माझी नाही? त्यातसुद्धा तिचा वाटा? ती शाळवातनं ताडकन उठली. खुरपी हातात तशीच.

"मी हाय की हितं," ती ओरडली. "मेली म्हणून मला हुडकताय, आन् हाका कुणाला मारताय?"

रुद्रय्यानं मान वर केली. तिच्याकडं बघत राहिला. चिखलानं भरलेले दोन्ही हात पुढं तसेच. मग तो पाण्यातच खाली बसला, आणि तिनं कधी न बघितलेलं त्याचं तोंड तिला दिसलं.

"ओ का दिली न्हाईस?" तो म्हणाला.

दानम्मा काय सांगणार? गोड वाटत होतं म्हणून? तिनं खुरपी टाकली आणि पाण्यात उतरली.

"तिनंबी दिली न्हाई," रुद्रय्या म्हणाला. "मी किती हाका मारल्या. तिनंबी दिली न्हाई."

तोवर मागनं सारा गाव काठावर आला होता. मुनशी धापा टाकत, पाटील, बायका, पोरं. कुणी हसत नव्हतं. बयाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. तिनं दानम्माला हाताला धरून बाजूला घेतलं आणि ह्या खेपेला अगदी हळू बोलली. "तवाबी असाच गं. पार वेदगंगेपातूर. उजाडलं की उठायचा आन् काठानं तिचं नाव घेत जायचा, घसा बसला तरी. लोकांनी धरून घरात कोंडला, तरी सुटून जायचा. गुराखी पोरं येडीच, त्याची नक्कल करत हिंडायची. रत्नव्वा, रत्नव्वा. त्यातनं ते नाव वड्याला पडलं. आमी काय कुणी ठेवलं न्हाई."

दानम्मा ऐकत राहिली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, ते नाव त्या बाईला गावानं दिलं, मान म्हणून दिलं. ते ह्या माणसाच्या गळ्यातनं निघालेलं होतं. हे ऐकून तिला जास्तच जळायला पाहिजे होतं, आणि पहिल्यांदा जळलीही. एवढ्या हाका. पण मग तिच्या मनात आलं, की एवढ्या हाकांतली एकसुद्धा त्या बाईच्या कानावर पडली नाही. तो पहिली हाक मारायच्या आतच ती संपलेली होती. रत्नव्वाला कधी कळलंच नाही आपल्याला कोण हुडकत होतं ते. आणि आपण मात्र शाळवात बसून, गोड वाटतंय म्हणून, एकेक हाक मोजून घेतली.

तिला एकदम त्या बाईची कीव आली. सवतीची कीव येणं किती अवघड असतं, ते सवत असणारीलाच कळेल.

मुनशी काठावर चष्मा पुसत उभे होते. झाला प्रकार त्यांना कुणीतरी दोन शब्दांत सांगितला होता. रागवायचा त्यांना पूर्ण हक्क होता, आणि दुसऱ्या कुठल्या गावात ते रागवलेही असते. "बाई," ते म्हणाले, "दानम्मा तुम्हीच का?"

"व्हय."

"म्हणजे जित्या आहात."

"हाय, जिती हाय," दानम्मा म्हणाली, आणि सांगताना तिचं लक्ष रुद्रय्याकडं होतं, मुनशींकडं नव्हतं.

"मग हे नाव खोडावं लागेल."

"खोडा."

मुनशींनी करंजाच्या बुंध्यावर कागद ठेवला, लाल शाईत टाक बुडवला. नियमानं आता घरधन्याला विचारायला पाहिजे होतं, म्हणून त्यांनी विचारलं, "रुद्रय्या, तुमच्या तोंडून सांगा. ह्या ओढ्याचं नाव काय?"

रुद्रय्यानं तोंड उघडलं. शब्द फुटेना. परत प्रयत्न केला आणि मान हलवली. पाण्यात बसल्या जागेवरनं त्यानं बायकोच्या ओल्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. सारा गाव बघत असताना पदर धरून बसायचा, असला तो काळ नव्हता आणि असला तो माणूसही नव्हता. दानम्मानं पदर सोडवून घेतला नाही. मुनशी थांबले होते, टाकाच्या टोकावर शाई वाळत होती.

"त्यास्नी इचारू नका," दानम्मा म्हणाली. "मी सांगतो. रत्नव्वाचा वडा. लिवा."